अंगणातल्या फटी आणि कर्नलसाहेबांचे पाणी

जवाहर नगर, जयपूर
६ ऑगस्ट १९८४

तीर्थस्वरूप वसंतराव यांना जनार्दनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले गुडघे आता दुखत नसतील असे धरून चालतो. इकडे आपली बहीण चारुलता ठीक आहे. मी ठीक नाही, आणि त्याला कारण आपण आहात.

गेल्या साली मी हौसेने सगळे अंगण सिमेंटने गुळगुळीत करून घेतले. पहिल्याच मोठ्या पावसात त्यावरचे पाणी उताराने शेजारच्या निवृत्त कर्नल उत्तमरावांकडे शिरले आणि त्यांची बाजाची पेटी भिजली. साऱ्या गल्लीत मराठी बोलायला ते एकटे (चारुलता आहे, पण तिथे माझ्याकडे ऐकण्याचे काम असते). त्यांनी अबोला धरला. रोजचे बुद्धिबळ बंद. वर्षभर मी स्वतःशीच खेळतो आणि हरतो.

म्हणून आपण आंतर्देशीय पत्रावर काढून दिलेला नकाशा शिरोधार्य मानून सिमेंट उखडले. खाली खडी, वर दगडी लाद्या, दोन लाद्यांत बोटभर फट, फटीत बारीक खडी, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरेल. कागदावर उत्तम. पण आमचा गवंडी सुखदेव. "साहबजी, जोड़ खुला छोड़ दूँ तो लोग कहेंगे सुखदेव को काम नहीं आता," असे म्हणून मी ऑफिसात असताना त्याने सगळ्या फटी मायेने सिमेंटने भरल्या. मी खरवडल्या. त्याने पुन्हा भरल्या. शेवटी रजा टाकून मी फटींवर पहारा देत बसलो (अर्जात कारण 'घरगुती अडचण' लिहिले, साहेबांनी चारुलतेची प्रकृती विचारली). आता तिची रांगोळी फटीत जाते, चपलेची टाच फटीत जाते, आणि दोन्ही वेळा बोलणी मी खातो.

परवा धो धो पाऊस झाला. थेंबही बाहेर गेला नाही. मी अभिमानाने फाटकाशी उभा राहिलो. कर्नलसाहेब आले, वर्षानंतर प्रथमच तोंड उघडले आणि म्हणाले, "जनार्दनराव, माझं पाणी कुठंय?" गेल्या वर्षीचा अनुभव जमेस धरून त्यांनी कुंपणालगत चर खणला होता आणि माझ्या पाण्याच्या भरवशावर त्यात केळी लावल्या होत्या, गणपतीला पाने मिळावीत म्हणून. चर कोरडा. दोष माझा. आता मी डोके कुठे आपटू ते कळवावे (लाद्या आपल्याच नकाशाच्या आहेत).

आपला,
जनार्दन

ता. क. निम्मे पाणी मुरेल आणि निम्मे शेजारी जाईल असा नवा नकाशा पाठवावा.

पुन्हा ता. क. घाई नाही. केळींना मी बादलीने पाणी घालतो. कर्नलसाहेब रोज संध्याकाळी याच विषयावर भांडायला येतात, मग चहा होतो आणि पट मांडला जातो. नकाशा दिवाळीनंतर पाठवलात तरी चालेल. नाही पाठवलात तर फारच उपकार होतील.