फळ्यावरची ओहोटी

प्रिय रेआल,

पाकिटावरचं अक्षर पाहून कुणीतरी गेलं असं तुला वाटलं असेल. कुणी गेलेलं नाही. धक्का सांभाळणाऱ्या आल्फेचा गुडघा सोडला तर गावात सगळे ठीक आहेत. कागदावर लिहायचं कारण एवढंच, की ई-मेल केला असता तर तू त्याला तक्रारीचा नंबर देऊन रांगेत लावला असतास, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं असतं तर फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत सगळ्यांनी वाचलं असतं. आपलं बरंचसं त्यांनी आधीच वाचलेलं आहे.

आधी धक्क्याची बातमी. शेडमधला तो जुना कॉम्प्युटर अजून तिथेच आहे, वर सीगल बसतात, आत आल्फे बसतो. बाहेरच्या फळ्यावर ओहोटीची वेळ आणि चिखलातून परत फिरायची वेळ अजूनही आपल्याच प्रोग्रॅमवरून येते. येते म्हणजे, येत होती. त्याची सिस्टिम इतकी जुनी झाली, की तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंही बंद झालं. बंदर समितीने कळवलं, की उन्हाळा संपेपर्यंत नवी आवृत्ती चढवा, नाहीतर तुमची जोडणी तोडतो. मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडून आले की बसते. आल्फेला धीर नव्हता. त्याने स्वतःच सुरुवात केली. सिस्टिमने तिच्या पद्धतीप्रमाणे सांगितलं, की हे हे नवं येईल, आणि हे हे काढून टाकावं लागेल, चालेल का? तो ‘हो’ म्हणाला.

मी नंतर विचारलं, अरे, काढायची यादी तरी वाचायचीस! तर म्हणतो, “सोलांज, पानभर नावं होती ती. मी काय मतदार यादी वाचत बसू? त्यातलं एकही आपल्या गावचं वाटलं नाही.” त्यातली दोनच गावची होती. आपल्या प्रोग्रॅमचे दोन भाग, एक तुझं पॅकेज, एक माझं.

यात सिस्टिमची चूक नाही, हे तुला मी सांगायला नको. नव्या आवृत्तीत आपली दोन्ही पॅकेजं नाहीतच. ज्या जुन्या भागांवर ती उभी होती ते भाग बदलले, आणि आपण दोघांनीही ती नव्याने बांधून पाठवली नाहीत. पायाखालचं गेलं तर वरचं काढावं लागतं. तिने विचारून काढलं, हा तिचा सभ्यपणा.

फळा कोरा झाल्यावर आल्फे घाबरला, पण मला सांगायला लाजला. त्याने शोधाशोध करून भरती-ओहोटीचा दुसरा एक प्रोग्रॅम बसवला. त्यात आपलं गाव नव्हतं. म्हणून त्याने उपसागरात आणखी आतलं, ‘त्यातल्या त्यात जवळचं’ बंदर निवडलं. तिथे पाणी आपल्यापेक्षा उशिरा फिरतं. चांगली हवा असली की फळ्याकडे कोण बघतं? लोक समुद्राकडे बघतात. त्यामुळे काही दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग धुकं आलं.

बर्नादीन आठवते ना, शाळेत तुझ्या पुढच्या बाकावर बसायची, तुझी टोपी खिडकीबाहेर टाकायची? ती अजून शिंपल्या काढते. फळा पाहून ती चिखलावर गेली, वेळ आहे म्हणून निवांत खणत राहिली. आपल्याकडे पाणी समोरून येत नाही, आधी पाठीमागचा ओहोळ भरतो, आणि धुक्यात तो दिसत नाही. ती छातीभर पाण्यातून बादली डोक्यावर धरून बाहेर आली. खणायचं खुरपं गेलं. धक्क्यावर येऊन ती आल्फेसमोर उभी राहिली, तेव्हा मी तिथे पोचले होते. “आल्फे,” ती म्हणाली, “तुझ्या फळ्यावरचं पाणी येईपर्यंत माझी माशांशी नावानिशी ओळख झाली. एकाने तुझी चौकशी केली. म्हणाला, तो जाड्या कधी येतोय?” आल्फे म्हणाला, “बाई, आधी कपडे तरी बदल.” “बदलते की. पण आधी हा फळा उतरव. खोटं सांगणाऱ्यापेक्षा मुका बरा.” सगळे हसले. ती हसली नाही. बादली खाली ठेवली तरी तिने कडी सोडली नाही, दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

मी जुनी सिस्टिम परत चढवली आहे. फळा पुन्हा बरोबर आहे. पण ही सोय उन्हाळ्यापुरती. त्यानंतर एकतर जोडणी तुटेल, किंवा नवी आवृत्ती चढेल आणि तिच्यात आपण नसू.

आपण नसण्याचं कारण लिस्टवर सगळ्यांना पाठ आहे. माझं पॅकेज बांधायला तुझं लागतं, तुझं बांधायला माझं लागतं. जुनी दोन्ही तयार होती तोवर हे कुणाला खुपलं नाही. आता दोन्ही पायापासून बांधायची तर प्रत्येक दुसऱ्याची वाट बघतं. कुणीतरी तिथे लिहिलं होतं, ‘हे तांत्रिक वर्तुळ आहे की कौटुंबिक?’ त्यावर पुष्कळ जण हसले.

खरं तर ते एकच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्या एका हिवाळ्यात आपण ते लिहिलं, तू एका टोकाला, मी दुसऱ्या. तू म्हणायचास, वेळ नुसती आकड्यात कुणाला कळत नाही, पाण्याची रेघ काढून दाखवली पाहिजे. मी म्हणायचे, आकडा चुकला तर रेघ काय चाटायची आहे? आई बटाटे किसत असायची. एकदा तिने कोंबडी-बटाट्याच्या रापीचं गरम भांडं तुझ्या कागदांवरच ठेवलं आणि म्हणाली, “समुद्र कुठे पळून जात नाही. जेवण गार होतं.” त्या कागदांना शेवटपर्यंत कोंबडीच्या रश्श्याचा वास होता.

मग तू उपसागरापलीकडे सेंट जॉनला गेलास, आणि एका सकाळी मी लिस्टवर तुझ्या नावाने आलेलं वाचलं, की भरतीचं पॅकेज दोन भागांत विभागलं जात आहे, गणिताचा भाग सोलांज सांभाळेल, आलेखाचा भाग रेआल. भाषा अगदी नीट होती. ‘हरकत असल्यास कळवावे’ असंही होतं. तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय योग्यच होता, हे मी तेव्हाही म्हटलं असतं. पण मला ते परक्या माणसांच्या बरोबरीने, त्यांच्याच वेळी कळलं. मी हरकत कळवली नाही. पुढे काहीच कळवलं नाही. तूही नाही. आपल्या धंद्यात हे सोपं असतं. दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना एक शब्द न बोलता एकमेकांचं काम वापरू शकतात.

आईला हे कधी पटलं नाही. शेवटच्या आजारपणात तिने मला विचारलं, “तुमची ती दोन यंत्रं अजून बोलतात का एकमेकांशी?” मी म्हटलं, बोलतात, रोज. “मग तुम्हा दोघांना काय धाड भरलीय?” मी उशी सारखी केली. तिच्या दफनाच्या दिवशी तू मला विचारलंस, बोटीला वारा लागेल का. मी म्हटलं, दुपारनंतर पडेल. तो पडला. एवढंच आपलं बोलणं.

आता कामाचं. वर्तुळ तोडायचा मार्ग तुला माहीत आहे आणि मलाही. कुणीतरी आधी अर्धं पाठवायचं. दुसऱ्याची गरज असलेला भाग तेवढ्यापुरता बंद ठेवून बांधायचं, मग दुसऱ्याने त्याच्या आधाराने आपलं पूर्ण बांधायचं, मग पहिल्याने पुन्हा पूर्ण. तुला आधी जाता येणार नाही. माझ्या आकड्यांशिवाय तुझी रेघ कशाची काढणार? मला येईल. माझ्याकडे तुझं काम फक्त शेवटच्या पडताळणीला आणि चित्राला लागतं. एवढे महिने मी केलं नाही, कारण ते अपंग पॅकेज माझ्या नावाने जगभर जाणार होतं, आणि तू ते उघडून बघणार होतास. बर्नादीनचे हात पाहिल्यावर त्या कारणात काही दम उरला नाही. मी ते बांधलं. बांधलं गेलं. नुसते आकडे येतात, दिसायला अगदी भिकार, पण ओहोटी बरोबर आहे. तीन गावांच्या धक्क्यांवर फोन करून पडताळली.

पण ते माझ्याच कॉम्प्युटरवर पडून आहे. मला पाठवता येत नाही. जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्या कमकुवत म्हणून रद्द केल्या, ते पत्रक तुलाही आलं असेल. तू तुझी वेळेत बदललीस, मी पाठवण्यासारखं काही नव्हतं म्हणून राहू दिली. नवी सही करून ठेवली आहे, पण तिच्यासाठी दोन जुन्या सभासदांनी साक्ष द्यावी लागते. फोनवर नाही, कॅमेऱ्यावर नाही. समोरासमोर बसून, सरकारी ओळखपत्र बघून, चेहरा बघून. एक साक्ष हॅलिफॅक्सच्या प्राध्यापकांनी दिली. फार भला माणूस, पासपोर्ट दोनदा उजेडात धरून पाहिला. दुसऱ्या साक्षीसाठी नकाशात सगळ्यांत जवळचा सभासद तूच आहेस. मध्ये फक्त पाणी आहे.

लिस्टवरचे लोक वाईट नाहीत. फिनलंडच्या त्या बाईंनी कळवलं, की तुझं काम मला दे, मी तपासून माझ्या सहीने पाठवते, साक्षीची गरजच नाही. नियमात बसतं ते. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. नव्या आवृत्तीत राहून गेलेली पॅकेजं घ्यायचं दार या महिनाअखेर बंद होतं आणि तुला तुझं बांधायलाही आठवडाभर लागेल, म्हणून येत्या रविवारपर्यंतच थांबेन. सोमवारी सकाळी त्यांना ‘हो’ कळवीन. चिखलावरच्या बायकांना मी तुझ्या-माझ्यासाठी यापेक्षा जास्त ताटकळत ठेवणार नाही, आणि तू आला नाहीस म्हणून फळा चुकणार नाही, एवढी खात्री बाळग. तेव्हा कामासाठी तू यायलाच हवं असं नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण मग तू पुढचं वाचलं नसतंस. डिग्बीला बोट दुपारी लागते, मी गाडी घेऊन उभी असेन. तू मला ओळखतोस हे नियमाप्रमाणे पुरेसं नाही, पासपोर्ट बघावाच लागेल. त्यातल्या फोटोत केस पांढरे आहेत आणि मी हसत नाहीये, तसा नियमच आहे. नीट निरखून बघ. घाई करू नकोस. परतीची बोट दुसऱ्या दिवशीही असते.

तुझीच बहीण असल्याचा दावा करणारी,
सोलांज