ओटीपीखालचं उत्तर

आई,

ॲडमिशनचा फॉर्म मागं घेता येतोय का बघायला मी आष्ट्याला, सायबर कॅफेत चाललेय. सीईटीचे मार्क कॉलेजांना रविवारी पाठवू, असं आपलं ठरलं हुतं. पण फॉर्म आज सकाळी सातलाच आपोआप गेलाय, पप्पा म्हणायचे ते साताऱ्याचं कॉलेज पहिलं टाकून.

ओटीपी पप्पांच्या नंबरवर येतो, म्हणून त्यांचा मोबाईल आत्ता कपाटातनं काढून चार्जिंगला लावला. ते गेल्यापासून बंदच हुता न्हवं?

रिचार्जचा मेसेज आला तरी पप्पा उलट 'व्हय' लिहून पाठवायचे, आपण लय हसायचो. आज सातच्या ओटीपीखाली 'व्हय' हाय.

मोबाईल देव्हाऱ्याजवळ ठेवलाय. परत काय आलं तर तू उलट लिही, 'नंदीला पुण्याला जायचंय'. पप्पा असताना मला त्यांना सांगता आलं न्हाई.

नंदी