न आलेले चार दिवस

१० नोव्हेंबर २०२५
मी बोलते ते हा फोन लिहितो म्हणे. मला वाचता येत नाही, तेव्हा चुका सगळ्या त्याच्या!
नात देवश्री. सोळा पुरी झाली, पाळी अजून नाही. उंची आली, अंग भरलं, बाकी सगळं वेळेवर. तरी आमची सूनबाई, लतिका, दर महिन्याला शेजारणींना ऐकवते — "आमची बाहेर बसलीय." पोरगी तिकडे वरच्या खोलीत, मोबाईल घेऊन.
आज चिडली. "आजी, हे नाटक मी आता नाही करणार. मला डॉक्टरकडे ने."

१२ नोव्हेंबर
निघालो तिघी. लतिकाने पदर नाकापर्यंत ओढलेला. "आई, गल्लीत कुणी विचारलं तर?" म्हटलं, सांग, म्हातारीचे गुडघे दाखवायला चाललोय. माझे गुडघे काशीतल्या सगळ्या दुर्गाघाटाला पाठ आहेत!
रक्त दिलं. सोनोग्राफी झाली. मग मोठ्या मशीनचा फोटोही काढायला सांगितला.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाळी न येणं हे लक्षण — कारणं बरीच. कुणाचं थायरॉईड, कुणी खातच नाही, कुणाचं आणखी काही. देवश्रीचं अंडाशय चांगलं, म्हणून तर अंग भरलं. पण बच्चेदानी, म्हणजे गर्भपिशवी, जन्माआधी घडलीच नाही. गोळ्या घेऊन पाळी येणार नाही. जिवाला धोका नाही. मूल पोटात वाढणार नाही. अशा मुलींच्या किडन्या मात्र तपासाव्या लागतात — कधी एकच असते. "इसमें किसी की ग़लती नहीं."
मग विचारलं, "परिवार में और किसी को?"
"किसी को नहीं!" — लतिका.
मी पंख्याकडे बघत बसले.
रिक्षात देवश्री एवढंच म्हणाली, "म्हणजे मी एकटीच अशी."

२० नोव्हेंबर
जेवली नाही. माझ्या हातचं आंबट वरणही नको म्हणाली.

२१ नोव्हेंबर
तुला सांगते, फोना. मलाही पाळी कधी आली नाही.
लग्न होऊन या घरात आले तर सासूबाईंची नजर माझ्यावरच. मग माझं मीच ठरवलं — महिना झाला की कावळा शिवला! जिन्याखाली बसायचं. पाणी भरणं नाही, पोळ्या नाहीत, ताट लांबून सरकवत यायचं. राणीसारखी! मूल होईना तेव्हा वैद्याचे काढे प्याले, कडूजहर. शेवटी बहिणीचा शरद दत्तक घेतला. तोच देवश्रीचा बाप. म्हणजे हा धागा माझ्या माहेरचाच असेल.
इतकी वर्षं वाटायचं, मीच अर्धवट. त्याला दवाखान्यात नाव आहे, हे परवा कळलं.
पोरीला सांगायला हवं. ह्यांनाही कधी बोलले नव्हते. जीभ जड होतेय — माझी!

२२ नोव्हेंबर
सांगितलं. स्वयंपाकघरात, लतिकासमोर. लतिकाने गॅस बंद केला आणि पाट ओढून समोर बसली.
देवश्री माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आजी, तुझ्या किडन्या कुणी बघितल्या?"
कुणीच नाही.
बुधवारी दोघींचा नंबर लावलाय.