दादू, पण कोणाचा?

मंगळवार, ३ जून

म्हणे नाव बदलायचं! सत्तावीस वर्षं ह्याच नावानं जेवला, खेळला, मार खाल्ला. आता साहेब झाला, तर शोभत नाही!

संध्याकाळी आला, बूट काढता काढताच म्हणाला, "आई, कागद तयार झालेत. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी." आणि कागद माझ्या शिलाई मशीनवर ठेवला. उडू नये म्हणून वर कात्री. शहाणाच!

"दादू नावात काय वाईट आहे रे?"

"दादू हे नाव नाही गं, हाक आहे."

बढती मिळाल्यापासून हाताखाली नऊ माणसं. त्यातले दोघे तर बापाच्या वयाचे. तोंडावर 'दादू सर' म्हणतात आणि पाठ वळली की फिदीफिदी हसतात, असं ह्याचं म्हणणं. मी म्हटलं, हसू देत की, दात आहेत त्यांना. तो काही हसला नाही.

बुधवार, ४ जून

सही केली नाही. चष्मा सापडत नाही, म्हणाले मी. चष्मा डोक्यावरच होता. त्यानं पाहिला.

शुक्रवार, ६ जून

नणंदेचा फोन. भाच्यानं आधीच तिला आपल्या बाजूला वळवून ठेवलेलं! "बदलू दे की, वहिनी. एकुलता एक मुलगा, आणि नाव काय तर दादू! कोणाचा दादू?"

तिला ठाऊक नाही. तेव्हा ती लांब राहायची, आणि ह्यांनी कुणाला काही कळवलंच नव्हतं. मी विषय बदलला. पण फोन ठेवला आणि वही उघडून बसले. कोणाचा दादू! आज लिहूनच टाकते.

जुळे होते. हा आधी आला, अकरा मिनिटांनी धाकटा. नर्सबाईनं ह्याला उचललं आणि म्हणाली, "हा बघा दादू, धाकट्याला वाट करून द्यायला पुढे आला!" मी तेवढ्या कळांतही हसले होते.

धाकटा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिला. रडला नाही एकदाही. मी त्याला एकदाच घेतलं, पाचेक मिनिटं असेल.

नाव नोंदवायला हे गेले. काही ठरलेलंच नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, नाव? ह्यांच्या तोंडून निघालं, दादू. त्यानं लिहून टाकलं. घरी आल्यावर मी विचारलं, "आणि धाकट्याचं?" म्हणाले, "एक दिवसाच्या बाळाला नाव लागत नाही म्हणाला." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतर म्हणाले, "ह्याला कधी सांगायचं नाही. पोराच्या डोक्यावर कशाला ओझं?" मी वचन दिलं. हे जाऊन चार वर्षं झाली, वचन आहेच.

माझ्या धाकट्याला नाव नाही. फोटो नाही. कोणाचा तरी हा दादा आहे, एवढीच काय ती त्याची नोंद. तीही खोडायला निघालाय, आणि सही माझी हवी!

शनिवार, ७ जून

कागद वाचला. 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे मी खात्रीपूर्वक सांगते.'

कशी सांगू?

सोमवार, ९ जून

हे नाव रागावून घेताच येत नाही, ही एक गंमतच. कितीही दातओठ खाऊन सुरुवात करा, 'दू'वर येईपर्यंत ओठ पुढे येतात आणि राग जातो. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "ह्याला शिक्षा करायची म्हणजे आधी आडनाव आठवावं लागतं!" समोरचे आजोबासुद्धा ह्याला दादू म्हणतात, तेही अदबीनं. पाच वर्षांचा असताना सगळ्या गल्लीचा दादा झाला होता. लहान पोरांची नाकं पुसत फिरायचा. नावानंच केलं ते.

आज मात्र चिडला. मी दाराशी जाऊन हाक मारली, हा जिना चढून आला, आत गेला, हातपाय धुतले, आणि आतून ओरडला, "आई, दार लाव ना! डास येतात." रोजचंच आहे त्याचं. मी आपली उभी असते दार धरून, सवय.

कागद अजून कात्रीखाली. तो विचारत नाही. तेच जास्त लागतं.

गुरुवार, १२ जून

बाळाची झबली शिवायला आली आहेत. मी कापड नेहमी दुमडूनच कापते. एका कापात दोन पुढचे भाग, दोन पाठी, वेळ वाचतो. आज कापलं, घडी उलगडली, आणि दोन सारखी झबली हातात. हे काम काय आज करतेय का! हजारो शिवली असतील. पण आज मशीनवर डोकं टेकून रडले, अगदी हुंदके देऊन. शिकाऊ मुलगी घाबरली, पाणी घेऊन आली. डोळ्यात दोरा गेला, म्हणाले मी. दोरा कधी डोळ्यात जातो का? बिचारी हो म्हणाली.

तेव्हाही दोनच शिवली होती, पिवळी. एक दादूनं फाटेपर्यंत घातलं. दुसरं कपाटात आहे, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही.

शुक्रवार, १३ जून

सांगणार. ह्यांनी वरून काय बोलायचं ते बोलावं.

रविवार, १५ जून

झबलं पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माहीत आहे, आई. बाबांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं. तुला कळू देऊ नको म्हणाले."

"आणि ती ऑफिसातली माणसं?"

"कोणी हसत नाही गं. आवडतं त्यांना नाव."

"मग कशाला रे?"

तो झबल्याच्या नाड्या सारख्या करू लागला. "तू दादू म्हणून हाक मारतेस. मी आत येतो, आणि तू माझ्या मागे बघत राहतेस. जिन्याकडे. लहानपणापासून. मी आलेला असतो, आई."

सही केली. उठून दार लावलं.