डावा स्पीकर

नौपाडा, ठाणे
ता. २१ फेब्रुवारी १९८८

प्रिय सुधीर यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहून टाकलं. तुझं मस्कतहून पाठवलेलं पत्र पोचलं. स्टिरिओ कुठे मांडला, ताईला गाणं कसं ऐकू येतं, हे तू दोनदा विचारलंयस. पत्र लिहायला उशीर केला, रागावू नकोस.

डिसेंबरात सुट्टीवर आलास तेव्हा तू सेट आणलास आणि जाताना कागदावर आकृती काढून दिलीस: दोन स्पीकर, एक ऐकणारा, तिघांत सारखं अंतर. आयुष्यभर ड्राफ्ट्समनकी केलेल्या माणसाच्या हातात असा कागद दिलास, मग काय विचारतोस! मी टेप घेऊन बाहेरची खोली मोजली, शोकेस सरकवलं, फरशीवर खडूने खुणा केल्या. तुझ्या ताईची, उत्तराची, खुर्ची बरोबर मधोमध. बिचारी माझ्या खुणा सोडून फरशी पुसायची.

पहिले चार दिवस ती खूश होती. तीन जानेवारीला, रविवारी सकाळी, म्हणाली, "अहो, आज सगळं उजवीकडूनच येतंय."

मी डावा स्पीकर पुढे घेतला. तरी उजवीकडूनच. डाव्याखाली पाट ठेवला, उजवा भिंतीकडे वळवला, खिडकीचा पडदा काढून पाहिला. रोज नवी जागा, आणि रोज वहीत तारीख घालून मापं. शेवटी दोन्हीकडच्या वायरींची अदलाबदल केली. तरी म्हणे उजवीकडूनच! तेव्हा मी हसलो रे. शेजारच्या सुमतीबाईंसमोर म्हणालो, "हिला डावं-उजवं कळत नाही, आणि आम्ही स्टिरिओ ऐकायला बसवतोय." दुसऱ्या दिवसापासून ती "आता छान येतंय" म्हणायला लागली. मीही ते खरं मानलं, कारण मला तेच हवं होतं.

गेल्या आठवड्यात सुमतीबाईंकडे माझ्या बहिणीचा, नंदाचा, डोंबिवलीहून फोन आला. उत्तरा कणीक मळता मळता उठून गेली. उजवा हात पिठाचा, म्हणून रिसीव्हर डाव्या कानाला लावला. "कोणी बोलतच नाहीये," म्हणून ठेवून दिला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी घेतला, तर नंदा ओरडत होती, "वहिनी बोलत का नाही रे? किती हाका मारतेय!"

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डावा कान पूर्ण गेलाय. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मला तारीख पाठ होती. ते म्हणाले, "असा अचानक गेलेला कान आठ-दहा दिवसांत दाखवला तर पुष्कळदा परत येतो. आता फार उशीर झाला." ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते, हळू बोलत होते. रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "वयामुळे होतं, म्हणाले."

सुधीर, त्या आठ-दहा दिवसांत मी पाट सरकवत होतो. ती रोज सांगत होती आणि मी रोज खोली मोजत होतो.

काल ती त्या खुर्चीत बसून म्हणाली, "एवढं मोजूनमापून बसवलंत, आणि माझ्या कानापायी तुमची मेहनत फुकट गेली हो." माझी माफी मागत होती रे ती! तिला खरं सांगू की नको, काही म्हणजे काही सुचत नाही. तुझी बहीण आहे, तू म्हणशील तसं करीन. शिव्या दिल्यास तर त्याही वाचीन. फक्त पत्र माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाक. घरी आलेलं तुझं पत्र पहिलं तीच फोडते.

आत्ता स्वयंपाकघरातून विचारतेय, "स्पीकर छान बसलेत म्हणून सुधीरला लिहिलंत का?" मी हो म्हणालो. ऐकू गेलं नसावं. पुन्हा विचारतेय.

तुझ्या ताईचा अपराधी,
श्रीपाद