गाडी नंबर चोवीस

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मुरुगेशनचा मजकूर. तमिळ, दोन पानी, शब्द सगळे सणाला नटल्यासारखे. आमच्या नात्यातल्या व्यंकटरावांनी मोटारशर्यत सोडली त्याला पस्तीस वर्षं होतात, म्हणून तंजावूरचे चाहते, पुढं हा मुरुगेशन, १ मार्चला सभा भरवतायत. मजकूर तिथं छापून वाटणार. पहिल्याच ओळीत 'पुयल' व्यंकटराव. पुयल म्हणजे वादळ. वादळ म्हटल्याशिवाय या लोकांच्या घशाखाली इडली उतरत नाही.

ते असो. पुढं लिहिलंय, 'तरुण रक्तापुढं हरल्यावर त्या महावीरानं शस्त्र खाली ठेवलं.'

साफ खोटं. मी तिथं होते. मुरुगेशन तेव्हा चौथीत असेल.

फोन केला.
"हे कुठून आणलंस?"
"सगळ्यांना ठाऊक आहे, मामी."
"सगळ्यांना म्हणजे कुणाला? कागद दाखव, मग बोल."
"मामी, तुमच्याकडे कागद असेल तर तुम्ही दाखवा की. सभेत मांडूया."

स्पेअर पार्टचं दुकान चालवतो आणि बत्तीस वर्षं विमा कचेरीत काढलेल्या बाईकडे कागद मागतो.

मागितलाय तर मिळेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काय झालं ते क्रमानं लिहून ठेवते. नाहीतर ऐन वेळी चिडते आणि मुद्दा राहतो. देवनागरीत लिहिते, म्हणजे घरात राहणाऱ्या भाचीनं वही उघडली तरी चिंता नाही. तिला 'क' सुद्धा येत नाही.

मी तेव्हा चेन्नईत नोकरीला. डोरोथी, कॉन्व्हेंटात एका बाकावरची, तिचा नवरा मोटार क्लबात होता. त्यामुळं शर्यतीच्या रविवारी आम्ही दोघी वेळनोंदीच्या टेबलावर. जुनी विमानपट्टी, वर पत्रा, खाली ताप. गाडी रेषेवरून गेली की डोरोथी नंबर पुकारायची. मी नंबर लिहायची, समोर घड्याळातली वेळ. शेजारचा माणूस माझ्या यादीवरून फेऱ्या मोजायचा आणि त्याच्या इशाऱ्यावर शेवटचा झेंडा हलायचा.

ती शर्यत पंचवीस फेऱ्यांची. व्यंकटराव गाडी नंबर चोवीस. मध्येच टायर बदलायला थांबले, म्हणून कोण पुढं कोण मागं ते बघणाऱ्यांना कळेना. त्यांनी शेवटी रेषा ओलांडली ती हात वर करून. झेंडा हलला नाही. हलला तो मागून चार सेकंदांनी आलेल्या प्रभाकरला. तेवीस वर्षांचा पोरगा.

हिशेब निघाला: चोवीस नंबरची एक फेरी कमी.

लोक म्हणाले तक्रार करा. ते टेबलाशी आले, हेल्मेट काखेत. एवढ्या तमिळ-इंग्रजी गोंगाटात आमचं घरचं, तंजावूरचं मराठी.
"कमळी, तू लिहिलंस?"
"होय, अण्णा."
"मग बरोबर असेल."

दुसऱ्या दिवशी सोडल्याचं जाहीर केलं. पेपरवाल्यांना कारण सांगितलं नाही. मला सांगितलं. "ज्याला आपल्या फेऱ्या आपल्याला मोजता येत नाहीत त्यानं गाडीत बसू नये. डोकं दगा द्यायला लागलं गे."

तेव्हापासून साधी मोटारसुद्धा चालवली नाही त्यांनी. तिरुवैयारूला शेतीवर राहतात. तंजावूरला यायचं तर टाउन बस. बसमध्ये पोरं उठून जागा देतात ती म्हातारा म्हणून, ओळखून नव्हे.

म्हणजे ते हरले म्हणून थांबले नाहीत. हे मुरुगेशनला पटवायचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लोखंडी ट्रंक उघडली. विम्याच्या जुन्या डायऱ्या, आईची कांजीवरम (वाळवी नाही, नशीब), शाळेची प्रगतिपत्रकं. गणित: शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर. त्याखाली शर्यतींचे ताव. त्या शर्यतीचे सहा. पिन गंजून कागदाला धरून बसलीय.

अक्षर बघून बरं वाटलं. टायपासारखं.

उद्या वाचते. डोळ्यांत थेंब घातलेत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा चष्मा धुऊन.

सतरावी फेरी. चोवीस नंबर दर दोन मिनिटांच्या आत-बाहेर दिसतो, टायर बदलण्याची खोटी सोडून. सतराव्या फेरीला दिसत नाही. जिथं असायला हवा तिथं, नेमक्या त्या वेळेला, लिहिलंय ४२. आणि बेचाळीस नंबर खरा गेला तो एकोणतीस सेकंद आधी. तोही लिहिलाय. बेचाळीस एका डॉक्टरचा, सगळ्यांत मागून सुखानं चालवायचा. त्याची ती एक फेरी एकोणतीस सेकंदांत. त्या पट्टीवरून विमान तरी एवढ्या वेगानं गेलं असेल का.

दुसऱ्या कुणाचं अक्षर नाही.

डोरोथी 'ट्वेंटी-फोर' म्हणायची. मी मनात 'चोवीस' म्हणायची. आमच्यात आधी चार ऐकू येतो, मग वीस. तमिळमध्ये आधी वीस, इंग्रजीत आधी वीस, जगात सगळ्यांचा आधी वीस. पाढे बाबांनी मराठीत शिकवले, ते काही डोक्यातून गेले नाहीत. शाळेत सिस्टर यासाठीच उभी करायची. "कमला, इंग्रजीत मोज." पहिलीत पन्नासदा झालं असेल, नंतर कधीच नाही. त्या दिवशी उन्हात एका ओळीत हातानं कानाचं ऐकलं. आधी चार, मग दोन.

त्यांची मोजणी बरोबर होती.

जेवले नाही. भाची म्हणाली, रसम बिघडलंय का? म्हटलं, रसम ठीक आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

डोरोथीला तिरुचीला फोन. ती चर्चमधून यायची वाट बघितली, साडेअकरा झाले.

सांगितलं.
मग म्हणाली, "मी तुला तेव्हा विचारलं होतं."
"काय?"
"परत एकदा बघूया का, असं. ते टेबलाकडे चालत येत होते, तेव्हा."
"मी काय म्हणाले?"
"म्हणालीस, माझ्या बेरजेत चूक नन्सना सापडली नाही, यांना काय सापडणार."

आठवत नाही मला. पण वाक्य माझंच आहे.

डोरोथी म्हणाली, तेही आता सत्त्याहत्तरचे झाले, राहू दे ना. म्हटलं, मुरुगेशनला मी सबंध आठवडा खोटारडा म्हणतेय. म्हणाली, तो तसाही आहे. हसलो दोघी. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तिरुवैयारूला जाऊन आले. बसनं पाऊण तास, रस्त्यावर भात वाळत घातलेला, त्यावरूनच बस गेली.

व्यंकटराव तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर बसलेले, पाय खाली सोडून. बारीक झालेत. कान डावा गेलाय.
"ये गे कमळी. सभेला ओढायला आलीस? मुरुगेशननं शाल आणलीय म्हणे, जरीची. मला खाजते."
"नाही. कागद आणलाय."

उभ्यानंच सांगितलं. आडवळणानं सांगायला मला येत नाही. सतरावी फेरी, चार आणि दोन. माझी चूक. तुमची नाही. परत बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही.

सहाही ताव घेतले. ओळीवर बोट ठेवून खाली आले, परत वर गेले, परत खाली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. पंचवीसपर्यंत. मी उभीच.

मग आत हाक मारली, "निर्मला! ऐकलंस? माझं डोकं शाबूत होतं."
सुनेनं आतून, "आत्ता आहे का बघा मामंजी. कॉफी समोर ठेवून अर्धा तास झाला."

ते हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं. "पस्तीस वर्षं, कमळी."

मी क्षमा मागितली. हात जोडले. आयुष्यात कुणापुढं जोडले नव्हते, देव सोडून. ते म्हणाले, "बस की." बसले. निर्मलानं कॉफी आणली, पेला रिकामा केला.

निघताना विचारलं, "रविवारी सभेत सांगू?"
"प्रभाकर येणार आहे ना तिथं?"
"येणार आहे."
"त्याला तेवढी एकच मिळाली. पुढं कधी जिंकला नाही तो." मग नारळाच्या झाडांकडे बघत, "विचार करून सांगतो."

कागदाची घडी घालून खिशात ठेवली त्यांनी. परत द्या म्हणवलं नाही. झेरॉक्स काढली नव्हती. विमा कचेरीत काम केलेली बाई, झेरॉक्सशिवाय मूळ कागद देऊन आले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

त्यांचा फोन नाही. कालही नव्हता.

मुरुगेशनचा दोनदा. "मामी, छापायला देतोय. कागद सापडला?"
"सापडला."
"मग पाठवा ना फोटो."
"ज्याचा होता त्याला दिला."
"त्यात काय होतं?"
म्हटलं, "तुझी ती हरल्याची ओळ काढ."
"मग काय लिहू?"
मी वहीची पानं चाळली. तो म्हणाला, "बघा, मामी. कागद नाही, दुसरं वाक्य नाही. नुसतं काढ म्हणता."

माझंच बोलणं मला परत केलं त्यानं. बरोबरच होतं. याचाच राग जास्त आला.

ओळ तशीच छापली जाणार.

२८ फेब्रुवारी, शनिवार

निर्मलाचा फोन, सकाळी दहाला. आवाज खाली घेऊन.
"आत्या, मामंजींना तुम्ही काय दिलंत?"
"का?"
"बुधवारपासून गाडी काढतात. रोज. आमची जुनी गाडी, हे वापरतात ती. नारळाच्या बागेला कच्चा रस्ता आहे ना, त्यावरून फेऱ्या मारतात. मोठ्यानं मोजत."
"हळू चालवतात ना?"
"पहिल्या दिवशी हळू. आज गडी म्हणतो कोंबड्या गोठ्यातून बाहेर येत नाहीत."
"किती फेऱ्या?"
"ते म्हणतात पंचवीस. मी कशाला मोजू, आत्या? मला स्वयंपाक आहे."
"बरोबर मोजतात?"
"तेच तर. आल्यावर मला विचारतात, किती झाल्या? मी सांगते, पंचवीस. मग मान हलवतात. मी मोजलेल्या नसतात."

तिला म्हटलं, उद्यापासून मोजत जा. म्हणाली, तुम्हीच या मोजायला.

जायला हवं होतं का? गेले नाही. त्यांनी बोलावलं नाही.

सभेत मला तीन मिनिटं दिलीत. 'आठवणी'. कागदाशिवाय सांगितलं तर माझं बोलणं आणि मुरुगेशनचं बोलणं, फरक काय? आणि त्यांनी हो म्हटलेलं नाही. न सांगावं, तर त्या छापील ओळीसमोर मान खाली घालून बसायचं, आणि ती ओळ खोटी आहे हे शहरात ठाऊक असणारी मी एकटी.

१ मार्च, रविवार

हॉलमध्ये लिहितेय, मांडीवर वही. दहाची सभा, साडेदहा झाले. साठेक माणसं. पोरं कमी, टकलं जास्त. मागच्या भिंतीवर व्यंकटरावांचा फोटो, हार घातलेला. मुरुगेशनला म्हटलं, हार जिवंत माणसाच्या फोटोला घालत नाहीत, काढ. काढला.

दोन पानं खुर्च्यांवर ठेवलीत. ओळ आहे.

शेजारी प्रभाकर बसलाय. मुरुगेशननं मुद्दाम इथंच बसवला. पोट सुटलंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहीत होता ना तेव्हा? तो कप अजून हॉलमध्ये आहे. नातीला सांगतो, तुझ्या तात्तानं पुयलला हरवलं." मग जरा थांबून, "टायरला थांबले नसते तर मी कुठला जिंकतो, हे मला ठाऊक आहे. पण नातीला कशाला सांगू?"

मी 'हं' म्हटलं.

व्यंकटरावांनी मुरुगेशनची गाडी परत पाठवली. निरोप: मी माझा येतो. मुरुगेशननं बसथांब्यावर माणूस उभा केलाय. बस दोन आल्या, त्यांत नाहीत.

१०.४०. निर्मलाचा फोन. "आत्या, पोचले का?"
"नाही. कुठली बस?"
"बस कुठली. किल्ली घेऊन गेले. सवानऊला."

तेरा किलोमीटर. नदीवरचे पूल, रस्त्यावर भात, रविवारची लग्नाची गर्दी. पस्तीस वर्षं हमरस्त्यावर चाक नाही. "कागद?" विचारलं. म्हणाली, खिशात होता. सदरा घालताना चाचपून बघितला.

प्रभाकरनं विचारलं, काय झालं? म्हटलं, निघालेत.

सभा सुरू झाली. माझी पाळी तिसरी होती. शेवटची करून घेतली. आता मधले दोघेही संपले. त्यातला एक दीड मिनिटातच. एरवी माइक सोडत नाही, आजच घाई.

बाहेर हॉर्न. सगळे मागं वळले, मुरुगेशन शाल घेऊन दारापर्यंत पळाला. पाण्याचा टँकर होता.

माइकवर माझं नाव घेतायत. दुसऱ्यांदा घेतलं. प्रभाकर पाय आखडून मला वाट करून देतोय. उठते. पहिलं वाक्य काय ते अजून