एकदाच सांगायचं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं. काल मात्र तो डोळे उघडे असताना ऐकू आला. म्हणून लिहायला बसलोय. चौथीच्या पुढं मी शाळेत टिकलो नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत, तेव्हा अक्षराकडं बघू नकोस. तसं तुला वाचताच कुठं येत होतं. सगळं पवित्र शास्त्र तू रविवारच्या उपासनेला बसून कानांनी शिकलेली. मग हे मी कुणासाठी लिहितोय, ते माझं मलाच कळत नाही. पण बोलायला इथं मराठी कळणारं माणूस नाही, आणि न बोलता राहिलो तर आज मी परत बोगद्यात पाय टाकू शकणार नाही.

हो, बोगदा. तू गेल्यावर मी एका जागी थांबलोच नाही. आधी तुझ्या माहेराकडं बेलापूरला मामाजवळ राहिलो, मग कारखान्यावर, मग सुरतेला, मग एका ठेकेदाराबरोबर पार वर उत्तरेत, जिथं डोंगर पोखरून नदीचं पाणी वळवायचं काम चाललंय. कुठंही वर्षभर झालं की पायाला खाज सुटते. लोक म्हणतात पोरगं भटकं आहे. खरं सांगू का, जिथं लोकांना कळतं की मी तुझा मुलगा, तिथून मी निघतो. इथं कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात शेगडीभोवती बसून जो तो आपापल्या गावच्या भुताखेताच्या गोष्टी सांगत होता, आणि माझ्या तोंडातून ती खडीवरची गोष्ट निघून गेली. तेव्हापासून शेजारच्या पत्र्याच्या खोलीतला नेपाळी गडी माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागला.

खडीवरची गोष्ट म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळातली. कर्जतच्या पुढं पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सगळा मुलूख तिथं दगड फोडत होता. ज्यांच्या बांधावरून आपण मान खाली घालून जायचो ते बागायतदारसुद्धा. मी तुझ्या शेजारी बसून फोडतोय. ऊन असं की हातोडीचं लोखंड धरवत नाही. आणि पलीकडच्या ओळीत पाटलाची सून एकदम आडवी पडते. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, टाचा खडीवर घासतायत. तिची सासू छाती बडवत सांगतेय, "विहिरीतली हाय ती. एकटी गेल्ती ही पान्याला, तवाच मागं लागलं." कुणीतरी म्हणतं देवऋषाला आणा. दुसरा म्हणतो, "त्यो बी खडीच फोडतोय, पलीकडच्या कामावर. मुकादम सोडंल का त्याला?" एवढ्यातही दोघं-चौघं हसली. मग एक म्हातारा तुझ्याकडं हात करतो. "ती येशूवाली हाय की. मागं तिनं त्या मेंढक्याचं पोरगं उठवलं हुतं म्हनं."

सासूनं तुझ्याकडं बघितलं. "हिनं हात लावायचा?"

"आता कसला इटाळ बघती," म्हातारा म्हणाला. "समदे एकाच टँकरचं पानी पितोय."

मी तुझा पदर धरला. मला दिसत होतं, ती बाई तुझ्या हाताखाली गेली तर संध्याकाळपर्यंत आपल्या वस्तीवर काय येईल ते. मी म्हणालो, "आई, नको. मेली बिली तर आपल्याला जाळतील." तू पदर सोडवून घेतलास आणि एवढंच म्हणालीस, "मरायची असती तर मला कशाला बोलावलं असतं येशूनं." आणि उठून गेलीस. चपला होत्याच कुठं काढायला. तिच्यापाशी जाऊन तू उभी राहिली नाहीस, खडीवर बसलीस आणि वाकून तुझं डोकं तिच्या डोक्याशेजारी जमिनीला टेकवलंस. नंतर मला सांगितलं होतंस, आजाऱ्याच्या वर उभं राहून कधी बोलायचं नाही, "उभं ऱ्हाऊन बोललं की मानसाचा पोलीस हुतो." तू सासूला विचारलंस, "हात लावू का?" तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "लाव."

तू हात ठेवलास. पिठावरून कुत्रं हाकलतात तशा साध्या आवाजात म्हणालीस, "येशूच्या नावानं सांगते, सोड हिला." झालं. उठलीस, माघारी आलीस, बसलीस आणि हातोडी उचलून दगड फोडायला लागलीस. मागं वळून बघितलंसुद्धा नाहीस. सगळं काम थांबलेलं, शेकडो माणसं उभी, आणि तेवढ्या रानात तुझ्या एकटीच्या हातोडीचा आवाज. मी मात्र बघत होतो. तिच्या टाचा अजून घासत होत्या. मी तुला म्हणालो, "आई, परत सांग, अजून सुटलं न्हाई." तू दगडावरची नजर न काढता म्हणालीस, "एकदाच सांगायचं. सायबानं शिपायाला दोनदा सांगितलं की शिपाई समजतो ह्यो सायेब कच्चा हाय. आन् आपुन तर सायेब बी न्हाई. आपुन निरोपे. निरोप द्यायचा आन् फिरायचं." तुझी हातोडी चालत राहिली. आणि मग पलीकडून बाईचा बारीक आवाज आला, पाणी द्या म्हणून.

लोकांना आनंद झाला. मला भीती वाटली, आई. विहिरीतलीची नाही, तुझी. त्या दिवशी भाकरी थापताना तुझे हात बघत होतो. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, कडा फाटलेली, आणि तेच हात. मला वाटलं हे हात माझ्या डोक्यावरून रोज फिरतात, ह्यांनी एखाद दिवशी मला काही सांगितलं तर? तालुक्याहून चर्चचे पाळकसाहेब सायकलवर आले तेव्हा म्हणाले, "उन्हानं झालं असेल बाई. पोटात अन्न नाही." तू त्यांच्यापुढं चहा ठेवलास, बिनदुधाचा. "असंल की साहेब," म्हणालीस. "उन्हाला सांगितलं म्हनायचं मग."

तुला घाबरलेलं मी एकदाच बघितलं. दोन-तीन दिवसांनी पाटलाच्या घरून गडी आला. आपल्या उंबऱ्यावर त्यानं नारळ ठेवला, हळदकुंकू ठेवलं, आणि उंबऱ्यालाच हात लावून गेला. तू पाण्याला गेलेली. मी नारळ फोडला. त्या सालात नारळ कुणी बघितला होता? तू आलीस तेव्हा अर्धा माझ्या तोंडात होता. मला वाटलं मारशील. तू कुंकवाकडं बघितलंस आणि मटकन खाली बसलीस. तोंडावरचं रक्तच उतरलं. "ह्यांनी मला देवी केली तर मी मेले," म्हणालीस. मग माझा दंड धरलास. "हात माझा हाय, सत्ता त्याची हाय. तू माझ्या नावानं कुनाकडं काय घेऊ नको, माझ्या नावानं काय मागू नको. मी मेल्यावर बी न्हाई. कळलं?" आणि उरलेलं अर्धं खोबरं फडक्यात बांधून मला पाटलाकडं धाडलंस, आईनं काही केलेलं नाही असं सांगून ये म्हणून.

सुनेची ती म्हातारी सासू ओट्यावर बसली होती. मी फडकं ठेवून म्हणालो, "आईनं काय केलं न्हाई."

"मग कुनी केलं रे? तुझ्या बापानं?"

बाप जाऊन तर किती वर्षं झालेली. मी म्हणालो, "येशूनं."

म्हातारीनं खोबऱ्याकडं बघितलं. "त्याला नारळ चालतो का?"

मी ओठ पुसले. "अर्धा चालला म्हन की," ती म्हणाली आणि सुनेला हाक मारून मला ताक द्यायला लावलं. पेला वेगळा होता, पण ताक होतं. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस.

पुढच्या साली पाऊस झाला आणि काम संपायच्या आत तुझ्या पायात दगडाची कपची घुसली. तू हळद भरलीस आणि विसरलीस. मीही विसरलो. मग एका सकाळी तुझी मान आखडली, आणि दुपारपर्यंत दातखीळ बसली. धनुर्वात म्हणतात ते मला नंतर कळलं. बैलगाडीत तुला घालून तालुक्याला नेतोय, चाक चिखलात रुततंय, आणि तुझं सगळं अंग कमानीसारखं ताणलेलं. आई, ज्या तोंडानं तू सांगायचीस तेच तोंड मिटलेलं. डोळे मात्र माझ्यावर. तू हात उचललास, माझा हात ओढलास आणि स्वतःच्या कपाळावर ठेवलास. म्हणजे मला सांग म्हणत होतीस. मी गाडीत खाली झालो, डोकं तुझ्या डोक्याशेजारी टेकवलं आणि म्हणालो, येशूच्या नावानं सांगतो, सोड हिला. एकदाच म्हणालो. मग तुझ्याकडं पाठ करून बसलो आणि बैलांच्या शिंगांकडं बघत राहिलो, कारण तू तसंच शिकवलं होतंस. गाडीवान काही वेळानं म्हणाला, "पोरा, आता बघ मागं." मी बघितलं.

तेव्हापासून दोन भीती घेऊन हिंडतोय. एक अशी की तुझ्या सांगण्यात काहीच नव्हतं, ऊन होतं आणि सावली झाली. दुसरी अशी की होतं, पण माझ्या तोंडाला ते नव्हतं. कुठली जास्त वाईट ते ठरवता येत नाही. आणि दोन्हींच्या खाली अजून एक आहे, ती कुणाला सांगितली नाही. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर?

काल दुपारी वरचा कडा सुटला आणि रस्ता बंद झाला. औषधपाणी बघणारा कंपाउंडर खालच्या गावात अडकलेला. मी पाळी संपवून अंगावरची धूळ झटकतोय तोवर तो नेपाळी गडी दारात आला. त्याची लहानगी पोरगी चार दिवस तापत होती. आम्ही मोडक्या हिंदीत बोलतो. तो म्हणाला, "चल. तुझ्या आईसारखं कर." मी म्हणालो, मला येत नाही, मी दगड फोडणारा माणूस. तो म्हणाला, "तुझी आई काय करत होती?" मी म्हणालो, मला फक्त मराठीत येतं. तो म्हणाला, "तापाला सगळं कळतं." आणि माझं मनगट धरून घेऊन गेला.

पोरीची दातखीळ बसली होती, आई. डोळे पांढरे, टाचा घोंगडीवर घासतायत. मला खडी दिसली, मग बैलगाडी दिसली. मी खाली बसलो. तिची आई कोपऱ्यात तोंडावर हात दाबून उभी. मी विचारलं, हात लावू का. तिनं मान हलवली. मी डोकं खाली टेकवलं, जमिनीवर, आणि पोरीच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला. तुझा आवाज अगदी कानात आला, पिठावरून कुत्रं हाकलल्यासारखा, आणि त्या आवाजामागून मी म्हणालो, "येशूच्या नावानं सांगतो, सोड हिला."

मग उठलो. दारापर्यंत गेलो. बाहेर पावडं होतं, ते उचललं. दारासमोरची माती ओढायला लागलो, नुसतंच काहीतरी काम. पाठीमागं घोंगडीवर टाचा घासल्याचा आवाज येत होता. मी माती ओढतोय आणि तो आवाज थांबत नाहीये. पावडं टाकलं. वळलो, पळत आत गेलो, पोरीला उचलून छातीशी धरलं आणि दुसऱ्यांदा बोललो. मोठ्यानं. तिचा बाप दचकला.

पोरगी सैल पडली. मला वाटलं गेली. मग तिनं माझ्या सदऱ्यावर ओकारी केली आणि रडायला लागली. तिच्या आईनं तिला माझ्याकडून ओढून घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं. आज सकाळी रस्ता मोकळा झाला, कंपाउंडर आला, त्यानं सुई दिली आणि म्हणाला लहान मुलांना जोराच्या तापात असे झटके येतात, आपोआप थांबतात. असेल. मी मान हलवली. पण दार उघडलं तेव्हा माझ्या उंबऱ्यावर बिस्किटाचा पुडा होता आणि त्यावर कुठलंसं जंगली लाल फूल. ते बघून मीही मटकन खाली बसलो. तू का बसली होतीस ते आज कळलं. पुडा परत द्यायला गेलो, तर त्या नेपाळी गड्यानं माझ्या पायाला हात लावला.

हा कागद कुठल्या टपालात टाकू? सिमेंटच्या पिशवीचा कागद आहे, उशाखाली ठेवीन, ओल लागून जाईल. पुडा अजून इथं समोर आहे, फोडला नाही. मी काही केलेलं नाही असं त्यांना सांगायला जायचंय, पण मग विचारतील, कुणी केलं. तिथंच मी अडलोय. पहिल्यांदा मी बरोबर म्हणालो, तुझ्यासारखंच, येशूच्या नावानं. दुसऱ्यांदा त्याचं नाव माझ्या तोंडात आलंच नाही. मी नुसतं "आई" म्हणून ओरडलो.